रिमेक संपवलाय? आता १९९७ चा मूळ फायनल फँटसी सेव्हन असा खेळा

फायनल फँटसी सेव्हनचा नव्यानं बनवलेला रिमेक आवडला, पाठोपाठ त्याचा पुढचा भाग रिबर्थही संपवला, आणि आता वाटतंय की ज्याच्यावरून हे सगळं उभं राहिलं तो जुना गेम एकदा खेळून बघावा. जरूर बघा. पण तो विकत घेऊन तासाभरात सोडून देणारेही पुष्कळ आहेत. ठोकळ्यांसारखे हात असलेली पात्रं, संवादांना आवाज नाही, चालता चालता पडदा फिरतो आणि लढाई सुरू होते, आणि पुढं कुठं जायचं ते कुणी सांगत नाही. गेम वाईट आहे म्हणून कुणी सोडत नाही. रिमेकमुळे लागलेल्या सवयी इथं चालत नाहीत, म्हणून सोडतात. त्या सवयी कुठं बदलायच्या आणि सुरुवातीचे अडथळे कसे पार करायचे, ते इथं क्रमानं सांगतो. कथेबद्दल रिबर्थ जिथं थांबतो त्याच्या पुढचं काही फोडणार नाही.

मूळ गेमला रिमेकचा कच्चा खर्डा समजू नका. रिमेकमध्ये झग्यातली ती भुतं आठवतात? घटना ठरल्याप्रमाणेच घडाव्यात म्हणून ती मध्ये येतात. काय ठरलेलं, कुणी ठरवलेलं, हे रिमेक पूर्ण उलगडून सांगत नाही, कारण ते ठरलेलं म्हणजेच १९९७ चा गेम. तुम्ही उत्तर आधी वाचलंय, ज्या पत्राला ते उत्तर आहे ते अजून वाचायचंय. म्हणून जुना गेम खेळताना 'हे रिमेकमध्ये किती छान होतं' असं जोखत बसण्यापेक्षा 'हे मुळात असं होतं तर' असं बघत गेलात की दोन्ही गेम जास्त कळतात.

कोणती आवृत्ती घ्यावी

३१ जानेवारी १९९७ ला हा गेम जपानमध्ये प्लेस्टेशनवर आला, तीन सीडींवर. स्क्वेअर कंपनीनं निन्टेंडोची साथ सोडून सोनीकडं जाण्यामागं हेच कारण होतं: एवढे व्हिडिओ आणि चित्रं कार्ट्रिजमध्ये मावण्यासारखी नव्हती. आज त्या सीडी शोधायची गरज नाही. प्लेस्टेशन ४, स्विच, एक्सबॉक्स वन, पीसीवर स्टीम, शिवाय अँड्रॉइड आणि आयफोन, सगळीकडं तो अधिकृतपणे मिळतो. प्लेस्टेशन ५ असेल तर त्यावर प्लेस्टेशन ४ ची आवृत्ती चालते. सेलमध्ये किंमत चांगली उतरते, घाई नसेल तर थांबा.

माझा सल्ला: कंट्रोलर असलेलं कोणतंही यंत्र. फोनवर पडद्यावरच्या बटणांनी लढाया निभावतात, पण मोटरसायकलचा पाठलाग किंवा चोकोबो या मोठ्या पक्ष्यांची शर्यत बोटांनी खेळणं त्रासाचं आहे. हाताशी फोनच असेल तर ब्लूटूथ कंट्रोलर जोडा.

प्लेस्टेशन ४, स्विच आणि एक्सबॉक्सवर तीन सोयी आहेत. डावी काडी दाबली की गेम तिप्पट वेगानं चालतो. उजवी काडी दाबली की लढाईत तब्येत, जादू आणि लिमिट (मार खाऊन साठणारा खास हल्ला) भरलेलंच राहतं. दोन्ही एकदम दाबल्या की वाटेतल्या अचानक लढाया बंद होतात. पीसी आणि फोनवर यातल्या सोयी थोड्या वेगळ्या आहेत. तिप्पट वेग मोकळेपणानं वापरा, विशेषतः आलेल्या वाटेनं परत जाताना. लढाया बंद करायची सोय मात्र जपून वापरा: ती सतत चालू ठेवली तर पात्रांची लेव्हल वाढत नाही, मटेरिया (हत्यारात बसवायचे जादूचे गोळे) पिकत नाही आणि पुढच्या बॉससमोर तुम्ही हात हलवत उभे राहता. तब्येत भरलेली ठेवणारी सोय तर पहिल्या खेपेला विसरूनच जा. या गेममधली गंमत साधनांची काटकसर करण्यात आहे, आणि ती सोय नेमकी तीच काढून घेते.

चित्र चौकोनी दिसेल, पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील. ते बरोबर आहे. चित्र ताणून रुंद करू नका, मागची रंगवलेली दृश्यं त्याच मापात बसवलेली आहेत.

खेळायला बसण्याआधी पाच मिनिटं

मेन्यू उघडून कॉन्फिग या भागात जा. तिथं एटीबी नावाची एक ओळ दिसेल आणि ती ॲक्टिव्हवर असेल. म्हणजे तुम्ही जादूची यादी वाचत असतानाही शत्रूचा वेळ चालू राहतो. ती वेटवर करा. आता जादू किंवा वस्तूंची यादी उघडली की वेळ थांबतो. रिमेकमध्ये आज्ञा निवडताना सगळं मंद व्हायचं, त्याच्या सर्वांत जवळचं हेच. शेजारीच कर्सरची ओळ आहे, ती मेमरीवर ठेवली की मागच्या वेळी निवडलेल्या गोष्टीवरच बोट येऊन थांबतं.

मग कॅन्सलचं बटण. ते दाबून धरलं की आपला नायक क्लाउड धावतो. हे कुणी सांगत नाही, आणि नुसता चालणारा क्लाउड बघूनच अनेकांचा धीर सुटतो.

तिसरं, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचं, जुन्या कंट्रोलरवरचं सिलेक्ट. आजच्या यंत्रावर ते कोणत्या बटणाला जोडलंय ते कंट्रोल्सच्या पडद्यावर एकदा बघून घ्या. ते दाबलं की क्लाउडच्या डोक्यावर पांढरा हात दिसतो, बाहेर पडायच्या वाटांवर लाल बाण येतात आणि शिड्यांवर हिरवे. मागचं दृश्य सपाट चित्र असल्यामुळं कुठं जाता येतं आणि कुठं नुसती रंगवलेली भिंत आहे ते डोळ्यांना कळत नाही. पहिल्या मिनिटापासून हे चालू करा आणि चालूच ठेवा.

सेव्ह आपणच करायचं असतं. हवेत गरगर फिरणारी एक खूण दिसते तिथं, किंवा बाहेरच्या मोकळ्या नकाशावर कुठंही. त्या खुणेपाशी तंबू वापरला की सगळ्यांची तब्येत पूर्ण भरते; रिमेकमधल्या बाकड्यांचं काम इथं तंबू करतो. दोन-तीन वेगवेगळ्या जागांवर आलटून पालटून सेव्ह करत जा, एकाच फाइलवर भिस्त ठेवू नका.

नावांची जुळणी

तुम्हाला विजेची थंडर आणि बर्फाची ब्लिझर्ड ही जादू ठाऊक आहे. इथं इंग्रजीत त्यांची नावं बोल्ट आणि आइस आहेत, आणि वरच्या दर्जाच्या जादूला बोल्ट टू, बोल्ट थ्री असे आकडे लागतात. शत्रूची माहिती काढणारं ॲसेस इथं सेन्स नावानं मिळतं. मॅग्निफायचं काम ऑल नावाचं मटेरिया करतं. एरिथचं नाव पडद्यावर एरिस असं येईल. नाव द्यायची पाटी समोर आली की बदलून घ्या, पुढच्या सगळ्या संवादांत तुम्ही लिहिलेलंच नाव येतं. रिमेकमध्ये समन मिळवून देणारा चॅडली मात्र इथं नाही. समन, म्हणजे लढाईत मदतीला बोलवायचे प्राणी, वेगवेगळ्या ठिकाणी दडलेले आहेत, ते हुडकावे लागतात.

पहिला रिॲक्टर

आभाळ, मग एका मुलीचा चेहरा, मग कॅमेरा मागे मागे जात सगळं मिडगार शहर, आणि पुन्हा खाली झेपावून येणारी आगगाडी. रिमेकचीही सुरुवात याच दृश्यानं होते. ते दृश्य विनाव्यत्यय बघा आणि मग खेळाला लागा.

फलाटावरच्या शिपायांपासून रिॲक्टरच्या तळापर्यंतचा प्रवास रिमेकच्या मानानं झपाट्यानं संपतो. तळाशी जाण्याआधी जमिनीवर पडलेलं रिस्टोअर मटेरिया उचलायला विसरू नका. पुढच्या सगळ्या खेळात तब्येत भरायचं काम तेच करणार आहे.

मग पहिला बॉस, गार्ड स्कॉर्पियन. इथं एक खबरदारी. लढाईच्या मध्यात क्लाउड साथीदार बॅरेटला सूचना करतो आणि तो संवाद दोन चौकटींत तुटून येतो. पहिली चौकट वाचून वाटतं की शेपटी वर असताना हल्ला करायचा आहे. तसं करू नका. शेपटी वर गेली की हात आवरा, वाटल्यास औषध प्या, आणि ती खाली आल्यावर पुन्हा बोल्ट सुरू करा. यंत्रांना वीज लागते हा रिमेकमधला नियम इथंही खरा आहे. शेपटी वर असताना मारलंत तर लेझरचा पलटवार सगळ्यांना बसतो.

बॉस पडला की बाहेर पडायला दहा मिनिटं मिळतात. रिमेकमध्ये २० की ३० हे तुम्हीच निवडत होतात. इथली दहाही भरपूर आहेत. वाटेत जेसीचा पाय अडकतो, तिच्याशी बोलून तिला सोडवा. पुढचं दार तिच्याशिवाय उघडत नाही.

लढाई आणि मटेरिया: इथं जरा थांबा

सेक्टर सातच्या झोपडपट्टीत हत्यारांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर नवशिक्यांसाठी एक खोली आहे, बिगिनर्स हॉल. रिमेक खेळलेला माणूस 'मला येतं' म्हणून पुढं निघून जातो. जाऊ नका. त्या खोलीत ऑल मटेरिया पडलेलं आहे, आणि इतक्या लवकर हाती येणारी दुसरी इतकी कामाची वस्तू नाही.

ते कसं लावायचं ते नीट बघा. क्लाउडच्या तलवारीवर दोन खाचा आहेत आणि त्यांच्यामध्ये एक छोटी दांडी आहे. दांडी असलेल्या खाचा म्हणजे जोडखाचा. एका खाचेत हिरवं रिस्टोअर बसवा, दुसरीत निळं ऑल. आता लढाईत क्युअर निवडताना शेजारी एक छोटा बाण दिसेल, म्हणजे ती जादू सगळ्यांवर एकदम टाकता येईल. पहिल्या लेव्हलचं ऑल एका लढाईत एकदाच चालतं आणि सगळ्यांवर वाटली गेल्यामुळं जादूचा जोर थोडा कमी पडतो, तरीही मिडगारमधल्या अर्ध्या अडचणी या एका जोडीनं सुटतात. निळी मटेरिया एकटी काहीच करत नाहीत, ती दुसऱ्याला जोडूनच चालतात, हे रिमेकसारखंच आहे.

एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. हिरवं, म्हणजे जादूचं मटेरिया लावलं की त्या पात्राची ताकद आणि तब्येत थोडी घटते, जादूचा जोर आणि एमपी (जादू टाकायला लागणारी शक्ती) वाढतात. म्हणून सगळ्यांच्या सगळ्या खाचा हिरव्यांनी भरून टाकू नका. क्लाउड आणि टिफाकडं एक-दोन पुरेत, एरिथला भरपूर द्या.

जुनं हत्यार इथं सुधारता येत नाही. नवं हत्यार घेताना नुसता हल्ल्याचा आकडा बघू नका; किती खाचा, त्यातल्या जोडखाचा किती, आणि मटेरिया त्यात किती वेगानं वाढतं हे तिन्ही बघा. काही हत्यारांत ते दुप्पट वेगानं वाढतं, काहींत अजिबात वाढत नाही. थोडं कमी धारदार पण जास्त खाचांचं हत्यार बहुतेक वेळा जास्त उपयोगी पडतं.

आता रांगा. मेन्यूत ऑर्डर निवडून एकाच पात्रावर दोनदा दाबलं की ते मागच्या रांगेत जातं. मागच्या रांगेतल्याला शारीरिक मार निम्मा बसतो आणि त्याचाही मार निम्माच लागतो. बॅरेटच्या बहुतेक बंदुका लांब पल्ल्याच्या असल्यामुळं त्याचा मार मागूनही पूर्ण लागतो. त्याला मागे ठेवला की फायदाच फायदा. एरिथ तशीही जादूवर जगते, तीही मागे. क्लाउड आणि टिफा पुढे.

लिमिटचा पट्टा मार खाऊन भरतो आणि भरला की अटॅकच्या जागी लिमिट येतं. तो एका लढाईतून दुसऱ्या लढाईत तसाच राहतो, याचा उपयोग करा: बॉस जवळ आलाय असं वाटलं की किरकोळ लढायांमध्ये जादू आणि वस्तूंवर निभावून न्या आणि लिमिट राखून ठेवा. मात्र एरवी ते वापरायला चिकटपणा करू नका. एक लिमिट पुरेसं वापरल्यावर त्याच लेव्हलचं पुढचं मिळतं.

नको असलेल्या लढाईतून पळायचं तर एल१ आणि आर१ एकदम दाबून धरा. रिमेकमधल्यासारखं शत्रू लांबून दिसत नाहीत, त्यामुळं हे बोटांना सवयीचं होऊ द्या.

मिडगार: सवयीच्या वाटा, वेगळे वळसे

रिमेकनं मिडगारला अख्खा गेम दिला. मुळात ते पाच-सात तासांत संपतं. जेसीच्या घरची रात्र नाही, मोटरसायकलवरचा रोश नाही, आणि खलनायक सेफिरॉथ तर मिडगारमध्ये समोर येतच नाही. मला हे फार आवडतं. मूळ गेममध्ये शिनरा कंपनीच्या इमारतीतल्या कोठडीत क्लाउडला जाग येते तेव्हा दार उघडं असतं, पहारेकरी मरून पडलेला असतो आणि रक्ताचा माग वर वर जिन्याकडं गेलेला असतो. कुणी केलं ते दिसत नाही. तुम्हाला ते नाव ठाऊक आहे. ते ठाऊक नसलेल्या खेळाडूच्या मनानं तो माग काढत जा. १९९७ मध्ये या जागी किती भीती वाटली असेल ते तेव्हा उमगतं.

बाकीच्या अडणाऱ्या जागा भरभर सांगतो.

पाचव्या रिॲक्टरवर एअरबस्टर हा यंत्र-बॉस दोन बाजूंनी घेरलेला असतो. त्याची पाठ ज्याच्याकडं असेल त्यानं मारायचं, मार जास्त लागतो. वीज इथंही चालते.

वॉल मार्केटमध्ये क्लाउडच्या पोशाखासाठी दुकानं, बार आणि व्यायामशाळा असे हेलपाटे आहेत. सगळ्या वस्तू सर्वोत्तम मिळाल्या नाहीत तरी कथा अडत नाही. पहिल्या खेपेला जे मिळेल ते नेसवून पुढं व्हा.

सेक्टर सातच्या खांबावर शिनराचा माणूस रेनो एकटा येतो आणि तुमच्या माणसांना पिरॅमिडमध्ये कोंडतो. त्या पिरॅमिडवरच हल्ला केला की आतला सुटतो. तिघंही एकदम कोंडले गेले तर खेळ खलास, म्हणून एक जरी अडकला तरी आधी त्याला सोडवा.

शिनरा इमारतीत ६२ व्या मजल्यावर महापौर डोमिनो परवलीचा शब्द ओळखायला लावतो. ग्रंथालयाच्या खोल्यांमध्ये काही पुस्तकं चुकीच्या विभागात ठेवलेली आहेत. ती शोधा, शीर्षकाआधी जो आकडा आहे तितकावं अक्षर घ्या. पहिल्याच प्रयत्नात ओळखलंत तर एलिमेंटल मटेरिया मिळतं. ते चिलखतावर आगीच्या मटेरियाशी जोडलं की आगीचा मार कमी होतो, हत्याराला जोडलं तर वार आगीचा होतो. म्हणून इथं घाई नको, आधी सेव्ह करून घ्या.

याच इमारतीत पहिलं एनिमी स्किल मटेरियाही मिळतं. शत्रूची ठरावीक चाल ते लावलेल्या पात्रावर आदळली की ती चाल तुमची होते. एकूण २४ चाली आहेत. मिडगारच्या बाहेर पडल्या पडल्या तिथल्या माळावर कस्टम स्वीपर नावाचं यंत्र भेटतं. त्याचं मॅट्रा मॅजिक अंगावर घ्या. सगळ्या शत्रूंवर एकदम क्षेपणास्त्रं सोडणारी ही स्वस्त चाल पुढं कितीतरी तास पुरते.

बाहेर पडताना मोटरसायकलवरून ट्रकचं रक्षण करायचं असतं. ट्रकमधल्या साथीदारांना इथं जो मार बसतो तो लगेच पुढच्या बॉसच्या लढाईत तसाच राहतो. स्वतः पुढं पळण्यापेक्षा ट्रकच्या मागेपुढे राहून येणाऱ्यांना पाडत राहा.

मिडगारच्या बाहेर

रिमेक जिथं संपतो तिथं जुना गेम खऱ्या अर्थानं सुरू होतो. शहराची वेस ओलांडली की एकदम मोकळा नकाशा, वर संगीतकार उएमात्सूंचं संगीत, आणि समोर कुठंही जायची मुभा. तिथंच सेव्ह करा आणि ईशान्येला काल्म गावी जा. रिबर्थचं पहिलं प्रकरण, म्हणजे निबेलहाइमची आठवण, इथं काल्मच्या खाणावळीत क्लाउड सांगतो. लांब आहे, मध्ये थांबून सेव्ह करता येतं. शांतपणे वाचा. आवाज नसल्यामुळं वाक्यांचा वेग तुमच्या हातात आहे, आणि क्लाउडच्या सांगण्यातल्या फटी वाचताना जास्त स्पष्ट दिसतात.

इथून पुढं वहीचा एक कागद जवळ ठेवा. कामांची यादी, नकाशावरचे बाण असलं काही या गेममध्ये नाही. गावातल्या प्रत्येकाशी बोलायचं, कोण काय म्हणालं ते लिहून ठेवायचं. 'काळ्या झग्यातला माणूस पूर्वेकडं गेला' एवढ्याच धाग्यावर पुढचा प्रवास असतो.

काल्मनंतर दलदल. तिच्यात एका प्रचंड सापाची सावली फिरत असते, मिडगार झोलोम. पायी गेलात आणि त्यानं गाठलं तर या टप्प्यावर बचाव अवघड आहे. चोकोबो फार्मवर जा, २००० गिलना (गिल म्हणजे गेममधले पैसे) चोकोबो ल्युअर मटेरिया घ्या, कुणाच्याही खाचेत बसवा, आणि हिरवा पालाही विकत घ्या. फार्मबाहेर जमिनीवर पावलांचे ठसे दिसतात, त्यांच्यावर फिरत राहा. लढाईत चोकोबो आला की त्याला पाला टाका आणि बाकीचे शत्रू संपवा. चोकोबोला चुकूनही मारू नका, तो पळून जातो. मग त्याच्यावर बसून दलदल पार करा आणि पलीकडच्या कोरड्या जमिनीवर पोचेपर्यंत उतरू नका. निघण्याआधी फार्मच्या कुंपणातल्या चोकोबोंशी बोलायला विसरू नका; त्यांच्याकडून पहिला समन मिळतो, चोको आणि मोगचा.

पुढचे समन असे मिळतात: जूनन बंदरात प्रिसिला नावाच्या मुलीकडून शिवा, जहाजावरच्या बॉसनंतर इफ्रिट, गोल्ड सॉसरमध्ये शर्यतीच्या जॉकींच्या खोलीत रामू, गोंगागाच्या पडक्या रिॲक्टरमध्ये टायटन. इथं समन येतो, एक वार करतो आणि जातो. रिमेकसारखा बाजूला उभा राहून लढत नाही.

दोन माणसं जी आपण होऊन येत नाहीत

युफी आणि व्हिन्सेंट. रिबर्थमध्ये दोघंही कथेतच येतात. इथं त्यांना शोधून आणावं लागतं, आणि न शोधताही गेम पूर्ण होतो. शोधाच.

युफी दलदलीपलीकडची खाण ओलांडल्यावर नकाशावरच्या जंगलांत भेटते. झाडीत हिंडत राहा, एका लढाईत ती एकटी समोर उभी राहील. हरवल्यावर एका मोकळ्या जागी संवाद सुरू होतो आणि शेजारी सेव्हची खूणही दिसते. त्या खुणेला हात लावू नका, मेन्यू उघडू नका. दोन्हींपैकी काहीही केलं तर युफी पैसे घेऊन पसार होते. उत्तरं या क्रमानं द्या: नॉट इंटरेस्टेड, पेट्रिफाइड, वेट अ सेकंड, दॅट्स राइट, लेट्स हरी ऑन. ती सोबत असताना पुढं कधी वुताईच्या बेटाकडं गेलात तर आधी सेव्ह करा आणि हाताशी भरपूर औषधं ठेवा. तिथं काही काळ मटेरियाशिवाय लढावं लागतं.

व्हिन्सेंटसाठी निबेलहाइमच्या शिनरा वाड्यात वरच्या मजल्यावरची तिजोरी उघडायची. उजवीकडं ३६, डावीकडं १०, उजवीकडं ५९, उजवीकडं ९७. वेळ २० सेकंद. आकड्याच्या पुढं गेलात तर पहिल्यापासून करावं लागतं, म्हणून शेवटचे दोन-तीन आकडे सावकाश फिरवा. तिजोरीतून लॉस्ट नंबर नावाचा बॉस बाहेर येतो, आणि तो त्या वेळच्या मानानं चांगलाच जड आहे. आधी गावाबाहेर नकाशावर जाऊन सेव्ह करा. तो पडला की किल्ली मिळते, मग तळघर.

रिबर्थ जिथं थांबतो त्याच्या पुढं

रॉकेट टाउन रिबर्थमध्ये वगळलंय, मूळ गेममध्ये ते प्राचीनांच्या मंदिराआधी येतं. सिड खरा कोण आहे ते तिथं कळतं. रिबर्थमधल्या मनमोकळ्या वैमानिकाची सवय झालेल्याला तो सुरुवातीला खटकेल. त्याला वेळ द्या.

मग विस्मृत राजधानी, आणि पहिली सीडी संपते. तिथून पुढं तुमच्या ओळखीचं काही नाही. रिमेक मालिकेचा तिसरा भाग जे सांगणार आहे ते इथं आधीच लिहून ठेवलेलं आहे. म्हणून माझी एकच कळकळीची विनंती: इथून पुढं इंटरनेटवरचे मार्गदर्शक बंद करा. हा लेखही बाजूला ठेवा. अडलात तर गावात परत जाऊन लोकांशी बोला. बर्फात वाट चुकलात तरी बिघडत नाही, बेशुद्ध पडलात तर कुणीतरी उचलून नेतं. कड्यावर चढताना अंगातली ऊब घसरत जाते, थांबून बटण दाबत राहिलं की ती परत येते. एवढं सोडून कथेतलं मी काही सांगणार नाही.

एमराल्ड आणि रुबी नावाची दोन महाकाय वेपन, म्हणजे ऐच्छिक राक्षसी बॉस, पुढं दिसतील. पहिल्या जपानी आवृत्तीत ही दोन्ही नव्हती, बाहेरच्या आवृत्तीसाठी घातली. एमराल्डची तब्येत दहा लाख आहे, रुबीची आठ लाख. पहिल्या खेपेला दोघांच्याही वाटेला जाऊ नका. सोनेरी चोकोबोची पैदास आणि त्याच्या जोरावर मिळणारा तो सर्वांत मोठा समनही पुढच्या खेपेला. कथा संपवायला यातलं काही लागत नाही, आणि कथेचा ओघ इथं तोडला तर तो पुन्हा धरणं कठीण जातं.

शेवटच्या उत्तर विवरात उतरलात की सुरुवातीलाच सेव्ह क्रिस्टल मिळतं. त्यानं त्या विवरात हव्या त्या ठिकाणी सेव्हची जागा तयार करता येते, पण एकदाच. मिळाल्याबरोबर वरच वापरू नका, तिथून विमानात परत जाऊन सेव्ह करता येतंच. वाटा फुटतात तिथं साथीदारांची विभागणी करा, फाट्याच्या पलीकडं बऱ्यापैकी खाली पोचा, आणि मग क्रिस्टल ठेवा. सेव्ह नव्या फाइलवर करा, जुनी पुसू नका, आणि त्या जागेच्या आसपास थोडं लढून तंबू किती उरलेत ते मोजूनच पुढं उतरा.